भावसुनेचे तीन रकाने

माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं, ते माझ्याकडे नाही. तेव्हा ती सहा वर्षांची होती. मागितलं माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडे, कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात. मी त्या वेळी सुपेल्याच्या बाजारात एका जुन्या कपाटाच्या बिजागऱ्यांवरून गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो.

बातमी भावानं आणली. प्लांटमधली पहिली पाळी संपवून तो सायकलवरून थेट दुकानात आला. हेल्मेट अजून हँडलला लटकलेलं होतं.

"दादा, पोरगी बोलली. 'दे' म्हणाली. तीनदा म्हणाली."

"कोणाले म्हणाली?"

"हिले." हिले म्हणजे त्याच्या बायकोला.

"अजून काय म्हणाली?"

"सहा सालात पहिल्यांदा बोलली ना बाप्पा. अजून काय पाह्यजे तुले?"

"काय मागून राहिली होती?"

भाऊ जरा घुटमळला. "फीता," तो म्हणाला. "तुझ्याजवळ आहे ना, तसा लोखंडी."

तो मोजायचा फीता त्या क्षणीही माझ्या खिशात होता. माझा धंदा जुन्या सामानाचा. साहेब लोकांची बदली झाली, कोणी रिटायर झालं, की पलंग, कपाटं, कूलर मी उचलायचो, आणि मोजल्याशिवाय कशालाच हात लावायचो नाही. फीत्याची पट्टी बाहेर ओढून सोडली की ती सर्रकन आत जाते. मुलगी माझ्या खिशात सारखा हात घालायची. पट्टीची कड कापते म्हणून मी तिच्या हातावर चापटी मारायचो. मला तो खोडकरपणा वाटायचा. त्या बाईनं दोन दिवसांत ओळखलं की या पोरीला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं, आणि नवऱ्याला सांगून तसाच एक विकत आणवला.

मी भावाला चहा पाजला नाही. तो गेल्यावर कपाट गिऱ्हाइकाला त्याच्याच भावात देऊन टाकलं. धंद्यात असं मी फार कमी वेळा केलं आहे.

आम्ही भंडाऱ्याकडचे. वडील इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये होते आणि नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. मोठा मी होतो, पण मॅट्रिक पास धाकटा होता. त्या एका नोकरीबरोबर त्याला क्वार्टर मिळालं, चोवीस तास नळाचं पाणी मिळालं, दवाखाना मिळाला, आणि पुढे नागपूरची शिकलेली बायको मिळाली. मी हातगाडीपासून सुरुवात केली. वैशाली नगरातल्या माझ्या दोन खोल्यांची एकेक वीट मी घासाघीस करून आणलेली आहे. हे सगळं मी गिळलं होतं. पण मुलीचा पहिला शब्दही त्याच्याच घरी जावा, हे मला गिळता येईना.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोला भावसून म्हणतात. भावसून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं असेल तर नवऱ्याच्या तोंडून किंवा लेकरांना उद्देशून. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि ती माझ्याशी एक शब्दही थेट बोललेली नव्हती. चहाचा कप ती माझ्यासमोर ठेवायची तोसुद्धा स्टुलाला सांगितल्यासारखी, "घ्यावा."

सेक्टरातल्या काही बायकांनी न बोलणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या मुलांसाठी दोन खोल्यांची शाळा काढली होती. भावसून तिथे शिकवायची. तिला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी पाठवलं, आणि ती सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा आणि एक जाड वही घेऊन परतली. त्या विद्येला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात हे मला फार वर्षांनी कळलं. तेव्हा आमच्या घरात तिला 'काकूची वही' एवढंच नाव होतं. वहीत तीन रकाने असायचे. आधी काय झालं, मुलीनं काय केलं, नंतर काय झालं. बस्स.

मुलीला डॉक्टरांनी मंदबुद्धी म्हणून टाकलं होतं. आज दुसरा शब्द वापरला असता. ती नजर द्यायची नाही, हाक मारली तर वळायची नाही, आणि हवं ते मिळालं नाही की किंचाळून स्वतःचं मनगट चावायची. माझी बायको थकून अर्धी झाली होती. तेव्हा भाऊच म्हणाला, सोमवार ते शनिवार पोरगी आमच्याकडे राहू दे, शाळा जवळ आहे, रविवारी तुझ्याकडे. मी हो म्हणालो. तीन महिन्यांनी 'दे' आलं.

त्या रविवारी मी ठरवलं, 'दे' माझ्यासमोर झालंच पाहिजे. मुलीला समोर बसवलं आणि फीता वर धरला. तिनं पाहिलं, हात पुढे केला. मी फीता मागे घेतला. "म्हण, दे." बऱ्याच वेळानं, भिंतीकडे बघत, ती म्हणाली, "दे."

इथे मी काय केलं ते सरळ सांगतो. गिऱ्हाईक तयार झालंय असं दिसलं की भाव थोडा वाढवून बघायचा, ही माझी वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "बाबा दे, म्हण."

"दे."

"असं नाही. बाबा दे."

तिनं हात खाली घेतला. मग मनगट तोंडात गेलं आणि किंकाळी सुरू झाली. मी ओरडलो. ती आणखी ओरडली. शेजारची बाई गॅलरीत आली. मी फीता मुलीच्या हातात कोंबला आणि गप्प बसवलं.

बायको दारात उभी होती. "पोरीनं भाव दिला होता तुमाले," ती म्हणाली. "तुमीच वाढवून मागितला. साऱ्या गावाले गिऱ्हाईक समजता, आता हिलेही."

"तू शिकवू नको मले."

"मी कायले शिकवू? शिकवणारी सेक्टरात आहे."

हे वाक्य मला आठवडाभर बोचलं. त्या आठवड्यात मुलगी भावाकडे तीन दिवस 'दे' म्हणाली नाही, नुसती किंचाळत राहिली. भावाकरवी विचारणा आली की रविवारी घरी काय झालं. मी सांगितलं, काही नाही झालं.

शनिवारी मी ठरवूनच गेलो की मुलीला कायमची परत आणायची. शाळा नको, वही नको. माझी पोरगी माझ्या घरी राहील. व्हरांड्यात बाजेवर ती वही उघडी पडलेली होती. मी उचलली. पहिल्या रकान्यात, 'आधी काय झालं' याखाली, गोल अक्षरात लिहिलं होतं: मोठ्या दादांच्या स्कूटरचा आवाज आला. पुढे: किंचाळली, मनगट चावलं. त्याच्या पुढे: मोठे दादा रागावले, आवाज चढवला, मग हवं ते हातात दिलं. खाली चार ओळींत चार वेगळ्या तारखांना हेच, फक्त कधी बिस्किट, कधी फीता.

"ही माह्या पोरीची वही आहे का माही?" मी भावाला विचारलं. आवाज कुठपर्यंत गेला असेल ते सांगत नाही.

"दादा, बस आधी."

"बसायले नाही आलो. मी घेऊन जाऊन राहिलो तिले."

"ने ना. तुझीच आहे."

स्वयंपाकघराच्या पडद्यामागून आवाज आला. भावसून मुलीला सांगत होती, "बाळा, बाबांना सांग, वहीत कोणाचा दोष लिहीत नाही. डोळ्यांना जे दिसलं ते लिहितो. ती कावून ओरडते, कशासाठी ओरडते, ते कळल्याशिवाय ओरडणं थांबवता येत नाही."

ज्या पोरीला एकच शब्द येतो तिच्या तोंडून मला निरोप चालला होता. पण त्या घरात कोणाला हसू आलं नाही.

"सांग तिले," मीही मुलीलाच म्हणालो, "कावून ओरडते ते मले माहीत आहे. हट्ट आहे."

"सांग बाबांना, हट्ट म्हणजे कारण नाही. तिला नुसतं कोणी बघावं म्हणून ओरडणं वेगळं, नको ते काम टाळायला ओरडणं वेगळं, आणि वस्तू हवी म्हणून वेगळं. बाबांसमोर ती वस्तूसाठी ओरडते. कारण बाबांकडे तसं ओरडल्यावर मिळते."

मी वही बाजेवर टाकली. "मी नेतो."

"न्यावं. पण त्याआधी पंधरा संध्याकाळी इथं येऊन तिच्यासोबत बसावं. नाहीतर इथं शिकली ते तिथं टिकणार नाही. या घरात येतं म्हणून त्या घरात येईलच असं नसतं."

"सात," मी म्हणालो.

"पंधरा."

"दहा. रविवार धरून."

पडद्यामागे शांतता. मला ही शांतता चांगली माहीत आहे. साहेबाच्या बंगल्यावर, ट्रक उद्या निघणार असताना, मी हीच वापरतो. सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो गेला. मी पडद्याकडे बघत राहिलो. भाऊ जमिनीकडे बघत राहिला. आणि आधी तोंड मी उघडलं.

"पंधरा," मी म्हणालो.

दुकान लवकर बंद करून मी रोज जाऊ लागलो. पहिल्या चार संध्याकाळी मला काहीच मागू दिलं नाही. मुलीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी फीता तिच्या हातात द्यायचा, थोडा वेळ खेळू द्यायचा, हळूच परत घ्यायचा. कारण माझा चेहरा तिला भीतीचा झाला होता. तो आधी चांगल्या गोष्टीचा झाला पाहिजे, असं भिंतीला सांगण्यात आलं.

"ही लाच आहे," मी भावाला म्हणालो. "पोरीले लाच देऊन राहिले तुमी."

"लाच काम व्हायच्या आधी देतात," पडदा म्हणाला. "नाहीतर ओरडणं बंद व्हावं म्हणून. हे काम झाल्यावर आहे. झाल्याबरोबर, आणि थोडंसं."

हे मला कळलं, आणि कळलं म्हणून राग आला. आमच्या बाजारात खेड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या छत्तीसगढी बायका वजन झाल्यावर वरून चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर टाकतात. पुरौनी म्हणतात तिला. ती मागायची नसते, आधी ठरलेली नसते, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्याच टोपलीपाशी येतं. उद्या देईन म्हटलेली पुरौनी काही कामाची नाही. आणि ज्याला मिरची चालत नाही त्याला मिरची टाकूनही उपयोग नाही. मी इतकी वर्षं मुलीला जिलेबी आणत होतो. तिला जिलेबी चिकट लागायची.

पाचव्या दिवसापासून मी मागू लागलो. एकदाच, आणि जेवढं ठरलं तेवढंच. तिनं 'दे' म्हटलं की लगेच द्यायचं. 'द' एवढाच आवाज आला तरी त्या दिवशी द्यायचं, दोन दिवसांनी पूर्ण 'दे' आल्यावरच. पायरी वाढवायची, पण तिचा पाय पहिल्या पायरीवर पक्का झाल्यावर. भाव एका बैठकीत वाढवायचा नाही, हे मला मुलीसमोर बसून शिकावं लागलं.

शिकत होतो, पण जळतही होतो. मुलगी भावसुनेच्या गुडघ्याला टेकून बसायची. तिच्या पदराचं टोक नाकाशी धरायची. मुलीच्या दोन वेण्या लाल रिबिनीनं घट्ट बांधलेल्या असायच्या. माझ्या घरी ती कंगव्याला डोक्याजवळ येऊ द्यायची नाही. इथे म्हणे कंगव्याच्या एका फिरण्याला एकदा फीता, मग दोन फिरण्यांना एकदा, असं करत महिन्याभरात वेणी झाली. मला त्या रिबिनी ओढून काढाव्याशा वाटायच्या. भावाला सगळं मिळालं होतं, त्यात हेही.

नववी संध्याकाळ. मुलगी माझ्यासमोर होती, फीता माझ्या खिशात. ती 'दे' म्हणाली नाही. शाळेत काहीतरी बिनसलं असेल. तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जुनीच वाट धरली. किंकाळी. मी ठरल्याप्रमाणे गप्प. ती वाढली. मनगट तोंडात जाताना भावसुनेनं हळूच मध्ये उशी धरली. काही बोलली नाही, मुलीकडे बघितलंही नाही. किंकाळी अशी चढली की समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली. माझ्या कानामागं घाम आला. हात खिशात गेला, पट्टी बोटांना लागली.

"थांबा, दादा."

भाऊ दारात होता, तो जागीच थिजला. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता दिलं तर ती हेच शिकेल, की एवढं ओरडावं लागते. उद्या एवढ्यापासूनच सुरू करेल."

मी हात काढला. आणि त्या गोंगाटात मला उमगलं की ही पोरगी कोणाचं शिकली. ट्रक भरेपर्यंत जो दम धरतो त्याला त्याचा भाव मिळतो, हे मी जगाला करून दाखवत आलो. घरी रोज ती दम धरायची आणि मी, ज्यानं कुठल्या साहेबापुढे मान तुकवली नाही, तो शेवटच्या क्षणी भाव सोडायचो. कधी दुसऱ्या किंकाळीला, कधी दहाव्या. म्हणून ती दहाव्यापर्यंत थांबायला शिकली. आता दुकान बंद झालंय असं दिसल्यावर ती विसाव्यापर्यंत जाऊन बघत होती. कोणीही बघेल.

मग मध्येच श्वास घ्यायला ती थांबली. "आता लक्ष ठेवा," भावसून हळू आवाजात म्हणाली. मुलीनं ओला हात पुढे केला. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दे."

फीता तिच्या हातात कधी गेला ते मलाही कळलं नाही. पट्टी सर्रकन आत गेली आणि ती हसली, फीत्याकडे बघून.

भावसुनेनं पदर डोक्यावर घेतला आणि पुढच्या सहा संध्याकाळी पुन्हा भिंतीशी बोलली. मी तिचे आभार मानले नाहीत. मला उलट जास्तच लागलं. जोवर तिच्या हातात काही जादू आहे असं वाटत होतं तोवर ठीक होतं. जादू नव्हती. बघणं होतं, लिहिणं होतं, आणि ठरलं ते रोज तसंच करणं होतं. हे माझ्या हातानं होऊ शकलं असतं, आणि झालं नव्हतं.

पंधरा झाल्या. मुलगी घरी आली. शाळेत मी तिला स्कूटरवर सोडू लागलो, दुपारी घरी आणू लागलो. बायकोनं आणि मी दोघांनी तेच नियम धरले. मी ओरडायचं बंद केलं असं म्हणणार नाही, पण गिऱ्हाइकांवर ओरडून घरी यायचो. दुसऱ्या आठवड्यात ती 'पा' म्हणाली आणि पाण्याच्या माठाकडे बोट केलं. मी लगेच पेला भरून दिला. 'पा' माझ्या घरचं होतं. भावाला मुद्दाम दुकानात बोलावून सांगितलं. तो खरोखर आनंदला, आणि त्याचा आनंद पाहून माझी मजा अर्धी झाली.

महिना असाच गेला असेल. एका संध्याकाळी एक रिटायर झालेले बाबू सागवानी पलंगाचा सौदा करायला घरीच आले होते. अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. भाव जमत आला होता. मुलगी आतून आली आणि माझं बोट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. मग वर बघितलं, माझ्या डोळ्यांत. सहा वर्षांत तिनं असं बघितलं नव्हतं.

"काकू," ती म्हणाली.

मी खिशातून फीता काढून तिला दिला. तिनं तो घेतला, वाकून जमिनीवर ठेवला, पुन्हा माझं बोट धरलं. "काकू. दे."

बायको दारात आली होती. "आता?"

"आता काय?"

"मागून राहिली ना थे. ओरडली नाही, चावलं नाही. तुमच्याजवळ आली, तुमच्याकडे पाह्यलं, तोंडानं मागितलं."

"ऐकलं मी."

"मग?"

मला न ऐकल्यासारखं करता आलं असतं. धंद्यात माणसाला हवं तेव्हा बहिरं होता येतं. काकू उद्या, आज खेळ, असं म्हणता आलं असतं. हिचा नाद सुटेल हळूहळू, असाही एक हलकट विचार आला, आणि तो सुटलाही असता, कारण मागून मिळत नाही म्हटल्यावर मागणंच सुटतं, हे मला आता चांगलं माहीत होतं. मग उरली असती किंकाळी. पंधरा संध्याकाळी मी ज्या एका गोष्टीसाठी दुकान लवकर बंद केलं, पडद्याचं ऐकून घेतलं, ती गोष्ट माझं बोट धरून उभी होती. तिनं माझ्याकडे मागितलं होतं. मागितली होती ती बाई.

"मग काय ठरलं?" बाबू म्हणाले.

"तुमच्या भावात घेतो," मी म्हणालो आणि स्कूटर काढली.

सुपेल्याचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, दगड भरलेले डबे, संपतच नव्हते. मुलगी माझ्यापुढे उभी, दोन्ही हात हँडलवर. उशीर झाला की बिघडतं हे मी शिकलो होतो, आणि द्यायला माझ्याजवळ तिथे काहीच नव्हतं. पाठीमागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. तिचे खांदे ताठ व्हायला लागलेले मला दिसले.

"काकू," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो. "काकू. जातो आपण काकूकडे."

चार डबे गेले.

"काकू."

"हाव. काकूकडेच."

प्रत्येक वेळी मी लगेच उत्तर दिलं, त्याच आवाजात. त्या बाईचं नाव मी आजवर घेत नव्हतो, तिच्यासमोर 'ती' म्हणायचो, मागे 'त्याची बायको' म्हणायचो. त्या फाटकावर मी वीस-पंचवीस वेळा 'काकू' म्हणालो असेन. शेजारचा सायकलवाला माझ्याकडे बघून हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे बघायला लागला.

गाडी गेली, फाटक वर झालं. क्वार्टरचं दार भावसुनेनं उघडलं. मुलगी स्कूटरवरून उतरून माझ्याकडे मागे न बघता तिच्या पदराखाली शिरली. भावसुनेनं नजर खाली केली आणि मुलीला म्हणाली, "बाबांना विचार, न्यायला केव्हा येतात."

"अर्ध्या तासानं येतो म्हणाव," मी म्हणालो.

मी गेलो कुठेच नाही. पायरीवर बसून राहिलो, आतला आवाज ऐकत.